‘हो-नाही’ रीडच्या बचावार्थ: न्यू साउथ वेल्सचे विधिमंडळ खरोखरच संघराज्याचे शत्रू होते काय?

१/
ऑस्ट्रेलियाच्या संघराज्याची कथा बहुधा अशी सांगितली जाते: सहा वसाहती, एक उदात्त स्वप्न, ते पाहणारे काही द्रष्टे पुरुष आणि त्यांच्या वाटेत आडवे पडलेले एक कोत्या मनाचे विधिमंडळ. ते विधिमंडळ न्यू साउथ वेल्सचे. कथेतला खलपुरुष म्हणजे तिथला प्रीमियर जॉर्ज रीड. ही कथा सुटसुटीत आहे, सोयीची आहे आणि मुख्य मुद्द्यावर साफ चुकीची आहे. का, ते या धाग्यात पाहू. धागा लांब आहे. सवड काढून वाचावा.

२/
आधी पार्श्वभूमी. १९०१ पूर्वी ‘ऑस्ट्रेलिया’ हे एका भूखंडाचे नाव होते, राज्याचे नव्हते. न्यू साउथ वेल्स, व्हिक्टोरिया, क्वीन्सलँड, दक्षिण ऑस्ट्रेलिया, पश्चिम ऑस्ट्रेलिया आणि टास्मानिया या सहा वेगवेगळ्या ब्रिटिश वसाहती होत्या. प्रत्येकीचे विधिमंडळ निराळे, जकात निराळी, मंत्रिमंडळ निराळे. त्या मंत्रिमंडळाच्या प्रमुखाला प्रीमियर म्हणत. मेलबर्नहून सिडनीला निघालेल्या प्रवाशाला सीमेवर ऑल्बरी येथे गाडी बदलावी लागे, कारण दोन वसाहतींच्या रुळांची रुंदीही जुळत नव्हती. सामानाची जकात-तपासणी वेगळीच.

३/
या सहांत न्यू साउथ वेल्स सर्वांत जुनी आणि १९०१ च्या गणनेत सर्वांत मोठी. एकूण सुमारे ३८ लाख लोकसंख्येपैकी साडेतेरा लाख एकट्या तिची. तिच्या विधिमंडळात १८५६ पासून दोन सभागृहे होती. विधानसभा लोकांनी निवडलेली. विधान परिषद मात्र नियुक्त सदस्यांची, तीही तहहयात, आणि त्यांच्या संख्येला कमाल मर्यादा नाही. वाचकहो, दोन सभागृहांतला हा भेद ध्यानात ठेवावा. पुढचा अर्धा वाद त्यावरच उभा आहे.

४/
‘संघराज्याचा जनक’ ही पदवी हेन्री पार्क्सला दिली जाते. २४ ऑक्टोबर १८८९ रोजी टेंटरफील्ड या गावी त्याने केलेले भाषण शालेय पुस्तकांत अजरामर झाले आहे. १८९१ च्या मार्च-एप्रिलमध्ये सिडनीत पहिली घटना परिषद भरली, तीही न्यू साउथ वेल्सच्या विधानसभेच्याच दालनात. प्रतिनिधी कोणी निवडले? विधिमंडळांनी. मसुदा कोणी लिहिला? प्रामुख्याने क्वीन्सलँडच्या सॅम्युएल ग्रिफिथने. सामान्य मतदाराला कोणी विचारले? कोणीच नाही.

५/
तो मसुदा विधिमंडळांकडे परतला आणि धूळ खात पडला. का? जून १८९१ मध्ये न्यू साउथ वेल्सची निवडणूक झाली. आदल्याच वर्षी बंदर-कामगार, खलाशी आणि मेंढ्यांची लोकर कातरणारे यांचा मोठा संप मोडून काढला गेला होता. त्याच्या पोटातून जन्मलेल्या नव्या मजूर पक्षाने पहिल्याच झटक्यात ३५ जागा जिंकल्या आणि पार्क्सचे मंत्रिमंडळ त्यांच्या मतांवर तगून राहिले. त्या सदस्यांना कामाचे तास, वेतन आणि मताधिकार हे प्रश्न आधी हवे होते. तेव्हा संघराज्याचा विषय कामकाजात मागे कोणी टाकला? स्वतः पार्क्सने. ऑक्टोबरमध्ये त्याचे सरकार गेले. ‘जनका’ने बाजूला ठेवलेल्या अपत्याचा दोष पुढे रीडच्या माथी मारला गेला, हा इतिहासलेखनातला पहिला अन्याय.

६/
दुसरा अन्याय याहून मोठा. १८९३ मध्ये सीमेवरच्या कोरोवा गावी भरलेल्या सभेत जॉन क्विक या वकिलाने एक नवी रीत सुचवली: घटना परिषदेचे प्रतिनिधी लोकांनी थेट निवडावेत आणि तयार मसुदा सार्वमताला टाकावा. ही कल्पना कागदावरून व्यवहारात कोणी आणली? १८९५ च्या आरंभी होबार्ट येथे सर्व प्रीमियरांची बैठक घडवून आणणारा माणूस जॉर्ज रीड होता. त्याच वर्षाच्या अखेरीस न्यू साउथ वेल्सच्या विधिमंडळाने तसा कायदाही केला. ‘संघराज्याचा शत्रू’ म्हणून ज्याला रंगवतात, त्यानेच प्रश्न बंद दालनांतून काढून मतपेटीपर्यंत नेला.

७/
मग तक्रार कशाची होती? १८९७-९८ मध्ये ॲडलेड, सिडनी आणि मेलबर्न अशा तीन सत्रांत नव्या घटना परिषदेने मसुदा तयार केला. न्यू साउथ वेल्सने निवडलेल्या दहा प्रतिनिधींत मजूर पक्षाचा एकही नव्हता. क्वीन्सलँडच्या विधिमंडळाचे आपसांत जमेना, म्हणून ती वसाहत आलीच नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियाचे प्रतिनिधी तिच्या विधिमंडळाने धाडले. या मसुद्यात रीडला आणि त्याच्या विधानसभेला तीन गोष्टी खुपत होत्या. त्या तिन्ही नीट समजून घेतल्याशिवाय त्याच्यावर निवाडा देऊ नये.

८/
पहिली: सिनेट. वरिष्ठ सभागृहात प्रत्येक राज्याला सारख्या जागा, सहा-सहा. म्हणजे साडेतेरा लाखांच्या न्यू साउथ वेल्सला सहा आणि पावणेदोन लाखांहून कमी वस्तीच्या टास्मानियालाही सहाच. लहान राज्यांना मोठ्यांनी गिळू नये यासाठी ही तजवीज रास्त होती, हे मान्य. परंतु दोन सभागृहांत तिढा पडला तर? मसुदा सांगत होता: दोन्ही विसर्जित करा, पुन्हा निवडणुका घ्या, तरी तिढा सुटला नाही तर संयुक्त बैठक घ्या आणि तिथे तीन-पंचमांश मते मिळवा. याचा अर्थ, बहुमताने निवडून आलेल्या सरकारचे हात अल्पसंख्य राज्यांच्या मर्जीने बांधले जाणार.

९/
दुसरी: ब्रॅडन कलम. टास्मानियाचा प्रीमियर एडवर्ड ब्रॅडन हा आपल्याही इतिहासाचा पाहुणा; तारुण्यापासून तीसेक वर्षे तो हिंदुस्थानात होता आणि अवधमध्ये त्याने अबकारी व मुद्रांक खाते सांभाळले होते. करवसुलीतले मर्म त्याला ठाऊक होते. त्याने सुचवलेले कलम असे: जकात व अबकारी यांच्या निव्वळ उत्पन्नातला एक-चतुर्थांशाहून अधिक वाटा केंद्राने स्वतःसाठी खर्चू नये, बाकीचा राज्यांना परत द्यावा. वरकरणी हे राज्यांच्या हिताचे. मग सर्वांत मोठ्या राज्याला त्याची धास्ती का वाटावी?

१०/
हिशेब साधा आहे. केंद्राला स्वतःसाठी एक पौंड हवा असेल तर त्याने चार पौंड वसूल केले पाहिजेत. म्हणजे जकात चढीच राहणार, आणि तीही कायमची. व्हिक्टोरियाला याचे काही वाटण्याचे कारण नव्हते, कारण ती आधीच चढ्या जकातीची वसाहत. न्यू साउथ वेल्स मात्र मुक्त व्यापाराची. रीडने १८९५ मध्ये जमीन-कर आणि प्राप्तिकर बसवून आयात शुल्क जवळपास संपवले होते, आणि त्यासाठी विधान परिषदेशी झुंजून, निवडणूक लढवून लोकांचा कौल घेतला होता. श्रीमंताच्या जमिनीवरचा कर हटवून गरिबाच्या कापडावर आणि भांड्यांवर पुन्हा कर येणार, ही भीती मनाची खोटी नव्हती. टीकाकार या कलमाला ‘ब्रॅडनचा डाग’ म्हणत, ते उगीच नाही.

११/
तिसरी: राजधानी. ती कुठे असावी हे मसुद्याने मोघम ठेवले होते. सिडनीकरांना वाटे, ती मेलबर्न बळकावणार. या तक्रारीत अहंकाराचा भाग होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण पहिल्या दोन तक्रारी अहंकाराच्या नव्हेत. लोकमताचे वजन किती आणि कराचा बोजा कोणावर, असे ते प्रश्न होते. संघराज्य म्हणजे मुळात या दोनच प्रश्नांची उत्तरे.

१२/
२८ मार्च १८९८. सिडनीचा टाऊन हॉल खच्चून भरलेला. रीड दोन तासांच्या आसपास बोलला. त्याने मसुद्याचा एकेक दोष सोलून दाखवला आणि शेवटी जाहीर केले की आपण स्वतः मात्र त्याच्या बाजूने मत देणार. त्या दिवसापासून तो ‘हो-नाही रीड’ झाला. हे नाव ‘बुलेटिन’ या साप्ताहिकाने रूढ केले आणि व्यंगचित्रकारांनी त्याच्या अगडबंब देहासकट ते जनमानसात रुजवले. आजही लोकांना त्या भाषणातले टोपणनावच तेवढे आठवते, युक्तिवाद आठवत नाही.

१३/
पण क्षणभर विचार करा. मसुद्यात गंभीर दोष आहेत हे ज्याला दिसते, आणि संघराज्य हवेच असेही ज्याला वाटते, त्याने काय बोलावे? दोष लपवून ‘हो’ म्हणणे ही फसवणूक. दोषांसाठी ‘नाही’ म्हणणे म्हणजे इष्ट गोष्टीचा घात. रीडने दोन्ही बाजू मतदारापुढे ठेवल्या. त्यात राजकीय चतुराई होती काय? अर्थात होती, तो मुरलेला राजकारणी होता, संत नव्हता. परंतु घटनेच्या मसुद्याविषयी ‘मला हा हवा आहे आणि हा सदोष आहे’ असे सांगणे हा भित्रेपणा असेल, तर जगातल्या प्रत्येक विचारी घटनाकारावर भित्रेपणाचा शिक्का मारावा लागेल.

१४/
३ जून १८९८. न्यू साउथ वेल्समध्ये ‘हो’ ७१,५९५ आणि ‘नाही’ ६६,२२८. बहुमत मिळाले, तरीही मसुदा पडला. कारण विधिमंडळाने अट घातली होती की होकाराची किमान ८०,००० मते पडली पाहिजेत. मुळात ही अट ५०,००० ची होती, ती मतदानाआधी वाढवली गेली. शेजारी व्हिक्टोरियात १,००,५२० विरुद्ध २२,०९९ असा दणदणीत कौल लागला. दक्षिण ऑस्ट्रेलिया आणि टास्मानियातही मसुदा सहज संमत झाला. अडले ते एकट्या सिडनीपाशी.

१५/
ही वाढवलेली अट न्यू साउथ वेल्सच्या विधिमंडळावरचा डाग आहे, यात संशय नाही. डाव सुरू झाल्यावर नियम बदलणे कुठल्याही सभागृहाला शोभत नाही. रीडचे टीकाकार इथवर बरोबर आहेत. पण ते इथेच थांबतात आणि पुढच्या बारा महिन्यांत काय घडले याकडे पाठ फिरवतात. एखाद्या विधिमंडळाची परीक्षा त्याने दार कसे लावले एवढ्यावरून होत नाही. दार लावून त्याने कोणते बोलणे केले आणि मग ते उघडले की नाही, यावरून होते.

१६/
पुढच्याच महिन्यात, जुलै १८९८ मध्ये, विधानसभेची निवडणूक झाली. संघराज्यवाद्यांचा नेता एडमंड बार्टन थेट रीडच्याच मतदारसंघात उभा राहिला. मतदारांनी रीडला निवडले. सरकार मजूर पक्षाच्या पाठिंब्यावर टिकले. त्या पक्षाचे विल्यम ह्यूज आणि विल्यम होल्मन मसुद्याविरुद्ध गावोगाव बोलले होते. त्यांचा आक्षेप हाच की सिनेटची रचना लोकशाहीला जाचक आहे. पुढे ह्यूज त्याच संघराज्याचा पंतप्रधान झाला, तर होल्मन न्यू साउथ वेल्सचा प्रीमियर. मसुद्यावर टीका करणारे संघराज्याचे वैरी नसतात, याचा याहून ठोस पुरावा कोणता?

१७/
१८९९ च्या जानेवारीअखेरीस मेलबर्न येथे सहाही प्रीमियर एकत्र बसले. क्वीन्सलँडही आता आली होती. मंजूर झालेले मुख्य बदल असे:
• संयुक्त बैठकीत तीन-पंचमांशाऐवजी एकूण सदस्यांचे साधे बहुमत पुरेसे.
• ब्रॅडन कलमाचे बंधन दहाच वर्षे. पुढे केंद्रीय संसद ठरवील तसे.
• राजधानी न्यू साउथ वेल्समध्ये, पण सिडनीपासून किमान १०० मैल दूर; तोवर संसद मेलबर्नला.
• राज्याच्या सीमा बदलायच्या तर त्या राज्याच्या विधिमंडळासोबत मतदारांचीही संमती.
• गरजू राज्याला आर्थिक साहाय्य देण्याचा केंद्राला अधिकार.

१८/
यातला पहिला बदल किती मोलाचा होता, ते पाऊण शतकानंतर कळले. ऑगस्ट १९७४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या दोन्ही सभागृहांची संयुक्त बैठक भरली. आजवरची ती एकमेव. सार्वजनिक आरोग्य विम्याचे विधेयक तिथे ९५ विरुद्ध ९२ मतांनी संमत झाले. १८९८ च्या मसुद्याप्रमाणे तीन-पंचमांश मते लागली असती, तर १८७ जणांत ११३ हवी होती. विधेयक तिथेच संपले असते. ‘हो-नाही’ रीडने घासाघीस करून मिळवलेली ती एक दुरुस्ती नसती, तर त्या देशाची आरोग्यव्यवस्था निराळी दिसली असती. घासाघिशीला नाके मुरडणाऱ्यांनी हा आकडा जरूर लक्षात ठेवावा.

१९/
आता खरा अडथळा कुठे होता ते पाहा. सुधारलेला मसुदा विधानसभेने पुढे सरकवला. विधान परिषद मात्र अडून बसली: सार्वमत लांबणीवर टाका, एकूण मतदारांपैकी एक-तृतीयांश होकार हवेत, क्वीन्सलँड येईल तरच आम्ही येऊ. लोकांनी न निवडलेल्या, तहहयात नेमलेल्या सभासदांनी लोकांना मत देण्यापासून रोखावे, हा खरा अनाचार. रीडने काय केले? सदस्यसंख्येला मर्यादा नव्हती, तिचाच उपयोग करून त्याने परिषदेत १२ नवे सभासद नेमवून घेतले आणि कोंडी फोडली. जो माणूस संघराज्य बुडवू पाहत होता असे म्हणतात, त्याच्यापुढे ते बुडवण्याची आयती संधी चालून आली होती. त्याने ती लाथाडली.

२०/
२० जून १८९९. आता किमान मतांची अट नव्हती. ‘हो’ १,०७,४२०, ‘नाही’ ८२,७४१. होकार जवळपास ३६,००० नी वाढले. नकारही सुमारे साडेसोळा हजारांनी वाढले, कारण मतदानच वाढले होते. होकाराचे प्रमाण ५२ टक्क्यांवरून साडेछप्पन टक्क्यांवर गेले. एका वर्षाच्या वाटाघाटीने अधिक माणसे मतदानाला आली आणि अधिक माणसे राजी झाली. याला अडवणूक म्हणायचे की लोकमत घडवणे?

२१/
‘पण ५०,००० ची जुनी अट कायम ठेवली असती तर १८९८ मध्येच संघराज्य झाले असते!’ असा प्रतिवाद येईल. झाले असते, हे खरे. सर्वांत मोठ्या वसाहतीतल्या निम्म्या मतदारांचा विरोध पत्करून, तीन-पंचमांशाच्या बेडीसह आणि ब्रॅडन कलम कायमचे गळ्यात घेऊन झाले असते. क्वीन्सलँडही त्या वेळी बाहेरच होती. तिने सप्टेंबर १८९९ मध्ये सार्वमत घेतले ते सुधारलेल्या मसुद्यावर, आणि तिथेही ३८,४८८ विरुद्ध ३०,९९६ अशी चुरस झाली. वर्षभराची घाई करून काय मिळाले असते, याचे उत्तर प्रतिवाद करणाऱ्यांनी द्यावे.

२२/
मन न जुळता झालेल्या संघाचे काय होते, त्याचे उदाहरण त्याच देशात आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियाचे विधिमंडळ शेवटपर्यंत कचरत होते. पूर्वेकडून आलेल्या, सोन्याच्या खाणींवर काम करणाऱ्या लोकांनी वसाहतच फोडण्याची भाषा केली, तेव्हा कुठे ३१ जुलै १९०० रोजी तिथे मतदान झाले. पाच वर्षांपुरती जकातीची सवलत तेवढी पदरात पडली. १९३३ मध्ये त्याच राज्याने संघातून बाहेर पडण्याच्या बाजूने १,३८,६५३ विरुद्ध ७०,७०६ असा कौल दिला. ब्रिटिश संसदेने तो अर्ज विचारात घेतला नाही, म्हणून संघ टिकला. मनातला सल बोलून मोकळा केला नाही तर तो तीस वर्षांनी असा वर येतो.

२३/
मग रीडची ही दुष्कीर्ती आली कुठून? बरीचशी त्याच्या प्रतिस्पर्ध्यांच्या लेखणीतून. व्हिक्टोरियाचा आल्फ्रेड डीकिन हा संघराज्य चळवळीचा मोठा नेता आणि प्रतिभावान लेखक. त्याने त्या चळवळीचा आतला वृत्तांत लिहिला, जो त्याच्या मृत्यूनंतर १९४४ मध्ये ‘द फेडरल स्टोरी’ या नावाने प्रसिद्ध झाला. त्यातले रीडचे चित्रण कमालीचे कडवट आहे. डीकिन संरक्षक जकातीचा पुरस्कर्ता, रीड मुक्त व्यापाराचा. दोघे आयुष्यभराचे विरोधक. प्रतिपक्षाच्या वकिलाने लिहिलेले बयान आपण न्यायाधीशाचा निकाल म्हणून वाचत आलो. बखर वाचताना ती कोणी, कोणाच्या पदरी राहून लिहिली हे आपण आधी विचारतो ना? मग इथे का विचारत नाही?

२४/
इतिहासाचा विनोद पाहा. सप्टेंबर १८९९ मध्ये रीडचे सरकार पडले. निमित्त काय? एका सदस्याला वृद्धापवेतनाच्या अहवालासाठी विधिमंडळाच्या संमतीवाचून दिलेले ३५० पौंड! मजूर पक्षाने पाठिंबा काढला आणि विल्यम लाइन प्रीमियर झाला. हा लाइन मसुद्याचा उघड विरोधक. तरीही डिसेंबर १९०० मध्ये गव्हर्नर-जनरल होपटाऊनने पहिला पंतप्रधान होण्याचे निमंत्रण त्यालाच धाडले. बाकीचे नेते त्याच्या हाताखाली यायला तयार होईनात, तेव्हा ते पद बार्टनकडे गेले. लाइन मात्र पहिल्या केंद्रीय मंत्रिमंडळात मंत्री झाला! दोनदा ‘हो’ मत देणारा रीड विरोधी बाकावर आणि ‘नाही’ म्हणणारा लाइन मंत्रिपदी. तरी बदनाम कोण? रीड.

२५/
आता या विधिमंडळावरचा खरा आरोप. त्याने घासाघीस केली हा त्याचा अपराध नाही. ती कोणासाठी केली आणि कोणाला विसरून केली, तिथे अपराध आहे. १८९८ आणि १८९९ च्या सार्वमतांत दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या स्त्रियांनी मतदान केले. त्यांना १८९४ पासून मताधिकार होता. न्यू साउथ वेल्समधल्या स्त्रिया दोन्ही वेळा बाहेर उभ्या राहिल्या. त्यांची मताधिकार संघटना १८९१ पासून अर्ज-विनंत्या करीत होती. ८०,००० चा आकडा मोजताना निम्मी प्रौढ प्रजा हिशेबातच नव्हती.

२६/
याहून गडद पान मूळनिवासी लोकांचे. घटनेच्या १२७ व्या कलमाने त्यांना लोकसंख्येच्या गणनेतूनच वगळले. मेलबर्नच्या बैठकीत जकात, राजधानी, सिनेट यांवर दिवसचे दिवस खल झाला. या कलमाचा उल्लेख बदलांच्या यादीत नाही. ते कलम जायला १९६७ उजाडावे लागले. त्या सार्वमतात ९० टक्क्यांहून अधिक मतदारांनी ते काढण्याच्या बाजूने कौल दिला. ज्या विधिमंडळाला एकेका पौंडाचा हिशेब ठेवता येत होता, त्याला माणसांचा हिशेब ठेवता आला नाही.

२७/
या वगळण्याची झळ आपल्यापर्यंतही आली. नव्या संसदेने १९०१ मध्येच गोरेतरांना रोखणारा स्थलांतर कायदा केला आणि १९०२ च्या मताधिकार कायद्याने गोऱ्या स्त्रियांना मत देताना आशियाई लोकांना वगळले. आधीपासून राज्याच्या यादीत हक्क असलेले तेवढे अपवाद. तिथल्या हिंदी रहिवाशांची बाजू मांडायला १९२२ मध्ये श्रीनिवास शास्त्री ऑस्ट्रेलियाला गेले. पुण्यात गोखल्यांनी स्थापलेल्या भारत सेवक समाजाचे ते तेव्हा अध्यक्ष होते. १९२५ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानात जन्मलेल्यांना केंद्रीय मताधिकार मिळाला. टीका करायचीच असेल तर रीडवर आणि त्याच्या सभागृहावर इथे करा.

२८/
हा सारा खटाटोप मराठी वाचकाने का वाचावा? कारण आपली राज्यघटना हे उदाहरण समोर ठेवून लिहिली गेली. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ऑस्ट्रेलियाच्या समवर्ती अधिकारांच्या यादीशी आपल्या यादीची तुलना केली होती. आपले संघराज्य घटक राज्यांच्या करारातून जन्मलेले नाही, म्हणून कोणालाही फुटून निघण्याचा हक्क नाही, हेही त्यांनी त्याच भाषणात स्पष्ट केले. त्या निर्णयाला फाळणीची पार्श्वभूमी होती आणि त्याची कारणे सबळ होती. पण त्याची एक किंमतही आहे.

२९/
ऑस्ट्रेलियात राज्याची सीमा बदलायला त्या राज्याच्या विधिमंडळाची आणि मतदारांची संमती लागते. आपल्या तिसऱ्या अनुच्छेदाप्रमाणे संसद राज्याच्या विधिमंडळाचे मत फक्त मागवते. ते तिच्यावर बंधनकारक नाही. १९५६ चे द्वैभाषिक मुंबई राज्य याच अधिकारातून आपल्यावर लादले गेले. त्या वेळी संयुक्त महाराष्ट्र मागणाऱ्यांना संकुचित, फुटीर म्हणणारे थोडे नव्हते. १ मे १९६० ने त्यांना उत्तर दिले; महाराष्ट्र झाला, देश फुटला नाही. ‘हो-नाही’ हे नाव आणि ‘फुटीर’ हे नाव एकाच टाकसाळीतली नाणी आहेत.

३०/
२०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला तेव्हा राज्यांना पाच वर्षे भरपाईची हमी दिली गेली. पुढे काय, यावर वाद झडले. ब्रॅडनने १८९८ मध्ये विचारलेला प्रश्न हाच: कर केंद्राने गोळा केला, तर राज्याचा वाटा किती आणि किती काळ? हा प्रश्न विचारणारे विधिमंडळ कोणत्याही पक्षाचे असो, त्याला देशविरोधी ठरवण्याआधी न्यू साउथ वेल्स आठवावे. राज्यांचा संघ नुसत्या जयघोषांवर टिकत नाही. कोणीतरी हिशेबाची वही उघडून, शिव्या खाऊन, एकेक कलम वाचत बसावे लागते. सिडनीच्या विधानसभेने ते काम केले. ज्यांना तिने मोजलेच नाही त्यांच्यासाठी तिला जाब विचारा. मोजमाप केल्याबद्दल विचारू नका.

(धागा समाप्त. मतभेद असल्यास पुराव्यासह मांडावेत, स्वागत आहे.)